मशीनची पहिली खंडेनवमी

मी नक्की काय शिकते हे घरी समजावून सांगायला मला पहिलं वर्ष पुरलं नाही. बी.ई.नंतरही पुढे शिकायचं असतं हे आईने कसंबसं मान्य केलं, पण विषय निघाला की ती गप्प व्हायची आणि मग शेजारणीला सांगायची, "ती सिमेंटचं करते काहीतरी." बाबांना मात्र खरोखर समजून घ्यायचं होतं. ते मरोळच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर होते. तो बंद पडला तेव्हापासून सांताक्रूझला एका ऑफिसात शिपाई आहेत.

"सिमेंटच्या वस्तूत पाणी शिरलं आणि ते आतल्या आत गोठलं तर काय होतं, ते बघतो आम्ही," मी म्हटलं.

ते म्हणाले, "पण मुंबईत गोठणार कुठे ते?"

हा प्रश्न मला पुढे जवळजवळ प्रत्येकाने विचारला. उत्तर साधं होतं. आमच्या सरांना डोंगराळ, बर्फाच्या भागातल्या बांधकामांसाठी एक मोठं संशोधनाचं काम मिळालं होतं. त्या कामातून मुलुंडच्या आमच्या कॉलेजात एक गोठवणारं मशीन आलं, आणि मशीन आलं म्हणून मला विषय मिळाला. मी काही बर्फाच्या ओढीने तो निवडला नव्हता. बर्फ मी ज्यूसवाल्याच्या गोणपाटाखाली पाहिला होता तेवढाच.

पण ओल मला माहीत होती. आमच्या खोलीची मागची भिंत नाल्याच्या बाजूला आहे. तिला बाराही महिने लोणा चढतो. पांढरी, मऊ, खारट पूड भिंतीतून बाहेर येते, तिच्याबरोबर रंगाचे पापुद्रे सुटतात आणि आई दर काही दिवसांनी ते खरवडून काढते. लहानपणी मला वाटायचं की भिंतीला काही रोग झालाय. कॉलेजात शिकल्यावर कळलं की काँक्रीट कितीही दगडासारखं दिसलं तरी आतून ते बारीक भोकांनी भरलेलं असतं, आणि पाणी त्या भोकांतून सगळीकडे हिंडतं. बर्फाच्या प्रदेशात हेच पाणी गोठतं. गोठताना ते फुगतं, त्याला जागा लागते, आणि जागा मिळाली नाही की ते काँक्रीटला आतून फोडतं. कोरड्या काँक्रीटला थंडी फारसं काही करू शकत नाही. ओलं असलं तरच ते मरतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमची भिंत आठवली आणि विषय थोडासा माझा वाटायला लागला.

काम कंटाळवाणं होतं. काँक्रीटचे छोटे ठोकळे करायचे, ते पाण्यात ठेवून पुरते भिजवायचे. मग ते मशीनमध्ये जात. मशीन त्यांना गोठवी, वितळवी, पुन्हा गोठवी, असं रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे. अधूनमधून ठोकळे बाहेर काढून वजन करायचं, त्यांच्यातून आवाजाची लहर पाठवून आत चिरा पडल्यात का ते बघायचं, आणि वरचा सुटलेला चुरा ब्रशने झाडून, वाळवून, तोलायचा. हे सगळं ओलेपणा न मोडता. ठोकळा बाहेर काढला तरी तो ओल्या फडक्यात गुंडाळलेला असे. तो सुकला की सगळं फुकट.

प्रयोगशाळेत मदतीला मामा होते. आमच्याकडे कॉलेजच्या शिपायांना मामाच म्हणतात. हे मामा आमच्यासारखेच कोकणातले, पण घरी अजून मालवणी बोलणारे. त्यांची नोकरी कॉलेजची नव्हती, एका एजन्सीकडून होती. दर दिवाळीच्या सुमाराला एजन्सीचं कंत्राट नवीन होई आणि त्याबरोबर मामाही. असं करत करत ते त्या प्रयोगशाळेत म्हातारे व्हायला आले होते. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. कधीतरी कॉलेज आपल्याला कायम करेल. नवीन माणूस भेटला की ते सांगायचे, "माझी फाइल वर गेलीहा."

मी चुरा झाडायला बसले की ते मागे येऊन उभे राहत.

"काय गो चेडवा, ठोकळ्याक कोंडो झालो?"

"हो मामा, फार झालाय."

"मगे तेल लाव त्याका. कित्याक बर्फात घालतंस?"

ते हसत, मीही हसे. इतर मुलं मामांना चहा आणायला पिटाळत. मला ते जमत नव्हतं. वडील शिपाई असल्यावर दुसऱ्या शिपायाला चहा आण म्हणायला जीभ वळत नाही. त्यामुळे असेल, मामा माझ्याशी घरच्यासारखे वागायचे.

गोठवणारं मशीन आल्यापासून त्यांनी त्याला सून म्हणायला सुरुवात केली होती. आमच्या प्रयोगशाळेतलं बाकी सगळं जुनं होतं. ठोकळे दाबून फोडायचं मशीन, मिक्सर, भट्टी, सगळ्यांवर रंगाचे थरावर थर. ही एकटीच पांढरीशुभ्र. दिवसभर घूं घूं करायची. मामा सकाळी आले की आधी तिच्यावरची धूळ पुसायचे. "सूनबाय, झोप लागली काय?" असं विचारायचे आणि स्वतःच म्हणायचे, "खयची झोप! काम संपतला तेव्हा ना."

आमच्याकडे खंडेनवमीला प्रयोगशाळेत पूजा होते. कारखान्यांत होते तशीच. आदल्या दिवसापर्यंत मशीनं घासूनपुसून ठेवायची, तेलपाणी करायचं, आणि खंडेनवमीच्या सकाळी सगळी बंद करून त्यांना झेंडूचे हार, हळदकुंकू, समोर नारळ. त्या दिवशी कोणत्याही यंत्राला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा. बाबा सांगतात, त्यांच्या कारखान्यात मालक स्वतः येऊन मेन स्विच खाली ओढायचा आणि मग सगळ्यांना पेढे. माझे आजोबा गिरणीत होते, तिथेही असंच. म्हणजे आमच्या घरात ही पूजा तीन पिढ्यांची. मला ती शिकवावी लागली नव्हती, आणि तिच्यात काही विचार करण्यासारखं आहे असंही कधी वाटलं नव्हतं.

त्या सकाळी मी आईने ओवलेला हार घेऊन गेले. विभागातले सगळे जमले होते. विभागप्रमुख आले, माझे सर आले. मामा न्हाऊन, कपाळाला गंध लावून, इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. एकेका मशीनला हार चढला. सरांनी नारळ फोडला. मी पांढऱ्या मशीनच्या दारावर कुंकवाची बोटं उमटवली.

"नवी सून," मामा सगळ्यांना म्हणाले. "पयलीच खंडेनवमी तिची."

सर हसले. विभागप्रमुखांनी मोबाइलवर फोटो काढला. मला आठवतं, प्रयोगशाळेत त्या दिवशी फार शांत वाटत होतं. मी ते सणाचं समजले. खोबरं आणि पेढा खाऊन सगळे लवकर घरी गेले. पुढे दसरा, मग शनिवार-रविवार.

सोमवारी मी आले तेव्हा मशीन चालू होतं. दारावर माझी बोटं तशीच होती. वजनाचा दिवस होता म्हणून मी ठोकळे बाहेर काढले. पहिला हातात घेतला आणि तो मला हलका वाटला. एवढा फरक हाताला कळत नाही, तरी वाटला. रंग फिका होता. ओलं काँक्रीट काळपट असतं, हे राखेसारखं दिसत होतं, नुसतं वरून भिजलेलं. दुसऱ्या ठोकळ्याच्या माथ्यावर हळदकुंकू होतं.

मी मामांना हाक मारली. "मामा, हे बाहेर काढले होते?"

"मगे? मशीन बंद केल्यार आत ठेवन कुजवचे?" ते आनंदात होते. "तुम्ही घराक गेल्यार सगळे पुसले, टेबलार मांडले, हळदकुंकू लावला. वर पंखो लावन ठेवलंय. म्हटलां, तुझी लेकरां किती दिस थंडीत पडलीहत, जरा वारो खाऊंदेत. आज येवन परत घातलंय आत. एक पण फुटूक नाय."

"मशीन बंद केलंत?"

"सगळीच बंद केलंय. दरवर्साक करतंय." मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "कित्याक गो? बिचारी इल्यापासून राबता. तिका एक दिस पडाक नको?"

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. ओलेपणा टिकवायचा होता. ऑक्टोबरच्या उकाड्यात, पंख्याखाली, इतके दिवस ठेवल्यावर ते आतपर्यंत सुकले. सुकलेल्या भोकांत हवा शिरते. आता पुन्हा भिजवले तरी पहिल्यासारखं पाणी धरतील याची खात्री नाही, आणि खात्री नसली तर आकडे कशाचेच नाहीत.

"परत भिजव ना. बादली भरून देतंय मी."

"तसं नाही होत, मामा."

मामांनी फडकं घेतलं आणि ठोकळ्यावरचं कुंकू पुसायला लागले. मी "राहू दे" म्हटलं तरी पुसत राहिले.

सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले. ते वाईट नव्हते, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. हळूच म्हणाले, "नारळ मीच फोडला ना? आणि मलाही ऐकू आलं नाही की ते बंद आहे." तेव्हा मला त्या दिवसाची शांतता कळली.

ठोकळ्यांची पहिली पूर्ण मालिका वाया गेली होती. काम देणाऱ्यांना अहवाल जायचा होता आणि माझा प्रबंध त्याच सत्रात संपायचा होता. मुदत वाढवून हवी तर कारण द्यावं लागणार. वीज गेली असं म्हणायची सोय नव्हती, कारण त्याच मशीनसाठी वेगळा जनरेटर बसवलेला होता. विभागप्रमुखांनी बैठक ठेवली. मला बोलावलं, सरांना बोलावलं, आणि एजन्सीच्या सुपरवायझरला.

आदल्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. आई भिंत खरवडत होती, तिचा हात थांबला.

"विचारतील तेवढंच सांग," बाबा म्हणाले.

"ते मामांना काढतील, बाबा."

"काढतील. एजन्सीचा माणूस आहे. काढायला सोपा."

"पण सगळेच होते तिथे. सरांनी नारळ फोडला. प्रमुखांनी फोटो काढले. मी कुंकू लावलं."

"मग हे सांगणार आहेस?"

"हो."

ते चप्पल घालत होते, बाहेर जायचं होतं. एक पाय चपलेत घालून तसेच उभे राहिले. "आमच्या कारखान्यात एकाने सगळ्यांची बाजू घेतली होती. त्यालाच आधी गेटबाहेर काढला. बाकीच्यांना नंतर. फरक एवढाच पडला." मग म्हणाले, "तुला काय ते सांग. पण तुझ्या सांगण्याने त्याची नोकरी वाचेल असं धरून जाऊ नकोस."

मी ते धरूनच गेले. मला वाटत होतं, नीट सांगितलं तर नीट ऐकलं जातं. कॉलेजात मी तेच शिकले होते. मी रस्ताभर वाक्यं पाठ केली.

मामा दाराबाहेर स्टुलावर बसले होते. त्यांना आत बोलावलंच नाही.

प्रमुखांनी मला विचारलं, "मशीन कोणी बंद केलं?"

"मामांनी. पण सर, दरवर्षी ते सगळीच मशीनं बंद करतात, आणि त्या दिवशी आपण सगळे तिथे होतो. हे मशीन नवीन आहे, ते बंद करायचं नसतं, हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही."

"म्हणजे बंद त्यांनी केलं."

"हो सर, पण पूजा तर विभागाची—"

"पूजेचा प्रश्न नाही. पूजा आपण श्रद्धेने करतो. ठोकळे बाहेर काढायला कोणी सांगितलं होतं का?"

"नाही."

"झालं तर."

सुपरवायझर मान खाली घालून फोनवर काहीतरी टाइप करत होता. मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते नारळाचं बोलतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "प्रशिक्षणाची थोडी कमतरता होती," एवढं म्हणाले. ते कोणी ऐकलं की नाही माहीत नाही. मी पुन्हा तोंड उघडलं तर प्रमुख मायेनेच म्हणाले, "बाळ, तुझं नुकसान होणार नाही याची काळजी घेतोय आम्ही. तू आता अभ्यासाचं बघ."

आणि खरंच माझं नुकसान झालं नाही. एका सत्राची मुदत मिळाली. कारण म्हणून कंत्राटी कर्मचाऱ्याची चूक असं दिलं होतं.

मामांना कोणी काढलं नाही. दिवाळीला कंत्राट नवीन झालं, त्यात त्यांची जागा दुसरीकडे होती, एवढंच. बोरिवलीला एका मोठ्या इमारतीत वॉचमन. शेवटच्या दिवशी ते आले, कपाटातून आपला चहाचा ग्लास, कंगवा आणि देवाचा छोटा फोटो घेतला आणि माझ्या टेबलाजवळून न थांबता गेले. मी "मामा" म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण बघितलं नाही.

का ते मला कँटीनवाल्याने सांगितलं. सुपरवायझर मामांना म्हणाला होता, "मी काय करू? त्या पोरीनेच आत सांगितलं तुझं नाव."

मी फोन केले. ते उचलत नव्हते. नवीन ठोकळे ओतायचे होते, ते मी ओतले, भिजत ठेवले. एजन्सीने दुसरा माणूस पाठवला होता. त्याला काही माहीत नव्हतं आणि त्याला माहीत करून घ्यायचंही नव्हतं. मशीनवर प्रमुखांनी लाल अक्षरांत पाटी लावली होती, 'बंद करू नये'. ती बघितली की मला राग यायचा. एवढीच पाटी आधी लावायची होती.

शेवटी एका रविवारी दुपारी मी बोरिवलीला गेले. इमारत नवीन होती, उंच, दाराशी संगमरवर. मामा गेटवरच्या चौकीत बसले होते. गणवेश अंगाला मोठा होत होता, टोपी कानांवर आली होती. मला बघून ते उठले, आणि मग बहुतेक उठल्याचं त्यांना आवडलं नाही.

"खय जावचा?" त्यांनी विचारलं. परक्याला विचारतात तसं.

"तुमच्याकडेच आले, मामा."

"माझो फ्लॅट नाय हय."

मला हसू आलं नाही, त्यांनाही आलं नाही. मी एका दमात बोलून टाकलं. मी काय सांगितलं, आपण सगळे होतो असं म्हटलं, तुम्हाला कोणी बजावलं नव्हतं असंही म्हटलं, पण प्रमुखांनी पुढचं घेतलंच नाही. बोलता बोलता मला कळत होतं की हे सगळं आता फक्त माझ्यासाठी आहे. मामांना यातलं काही उपयोगाचं नव्हतं.

"विचारल्यानी, मशीन कोणी बंद केला. तू काय सांगलंस?"

"मामांनी."

"ह्या खरां. तू खोटा बोलाक नाय." ते रस्त्याकडे बघत होते. "पण बाकी कोणाचा नाव कोणी घेवक नाय, आणि माझा तुझ्या तोंडातसून इला. सायबाच्या तोंडातसून इला असता तर माका काय वाटला नसता."

मी म्हटलं, "मी परत जाऊन बोलते. सरांना सांगते. तुमची फाइल—"

"खयची फाइल गो?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "फाइल बिल काय नव्हती. मी आपला सांगी."

एक गाडी आली. मामांनी धावत जाऊन गेट उघडलं, सलाम केला. गाडीतल्या बाईने काच खाली करून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना काहीतरी विचारलं. "नाय मॅडम, पत्ता विचारतेय," मामा म्हणाले. गाडी आत गेली. ते परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"हय गेटार कोण ओळखीचा उभा रवलेला चालत नाय. तक्रार करतत. माझ्या आधीचो तसोच गेलो." ते आता रागावलेले नव्हते. नुसते घाबरलेले होते. "तू उभी रवलंस तर माका हयसूनय काढतले. जा, चेडवा. आणि परत येव नको."

मला अजून बोलायचं होतं. काय ते आठवत नाही. मामा चौकीच्या बाहेर उभे राहून वरच्या मजल्यांच्या खिडक्यांकडे बघत होते, कोणी बघतंय का म्हणून. त्यांनी हाताने मला रस्ता दाखवला आणि गॅलऱ्यांतल्या लोकांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले, "सरळ जावा, मग डावीकडे."

मी सरळ गेले आणि मग डावीकडे वळले.